धमनीच्या आजारात कोणता प्राणी काय सांगतो

गेल्या उन्हाळ्यात सेलूजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या मामांच्या छातीत कळ आली. छत्रपती संभाजीनगरला नेल्यावर अँजिओग्राफीत हृदयाच्या एका धमनीत मोठा अडथळा निघाला आणि त्याच दिवशी मनगटातून नळी घालून तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी तारेची जाळी, बसवण्यात आला. आमच्या भागात याला ‘स्प्रिंग टाकली’ असे म्हणतात. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांनी मामा लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी पशुवैद्यक असल्यामुळे त्यांनी मला विचारले, “तू जनावराचा डॉक्टर, तुला ठावं असंल. ही स्प्रिंग माणसाला टाकायच्या आधी कोणाच्या काळजात टाकून पाहिली?” मी म्हणालो, “डुकराच्या.” मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग ते डुक्कर जगलं का?”

अशा प्रयोगातले डुक्कर स्टेंट बसवल्यावर सहसा 28 दिवस जगते. ते खाते-पिते, वजनाने वाढते, आणि 28व्या दिवशी त्याला भूल देऊन मारले जाते. स्टेंटभोवती धमनीने काय केले हे नेमके पाहायचे असेल, तर ती धमनी बाहेर काढून, तिचे अतिशय पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागतात. हे माणसाच्या बाबतीत करता येत नाही. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि ते होऊ नये असेच मला वाटते. ज्या ज्ञानासाठी एखादा जीव जातो, ते ज्ञान खरोखर मिळाले का, आणि मिळाले तर कितपत भरवशाचे, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न पुढे करतो.

अडथळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठिबकची नळी येते. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, त्यातले क्षार नळीच्या आतून धरतात, छिद्रे बुजतात आणि मग ॲसिड सोडून ती मोकळी करावी लागते. धमनीतही असेच कीट साचते आणि एखाद्या काढ्याने ते धुऊन निघते, असा समज त्यातूनच पसरला आहे. धमनीतला मेद मात्र नळीतल्या क्षारासारखा आतल्या पृष्ठभागावर चिकटलेला नसतो. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली साचतो. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आतले अतिशय नाजूक अस्तर, मधला स्नायूपेशींचा थर आणि बाहेरचे आवरण. रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, म्हणजे एलडीएल, अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथे अडकून त्यांच्यात रासायनिक बदल होतात. ते साफ करायला शरीराच्या भक्षक पेशी येतात, मेद गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरून पडतात. मधल्या थरातल्या स्नायूपेशी सरकत आत येतात आणि या साठ्यावर तंतूंचे झाकण तयार करतात. हे झाकण जाड असेपर्यंत माणसाला अनेकदा काहीच जाणवत नाही. ते पातळ होऊन फाटले की आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो, तिथे काही मिनिटांत गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

थोडक्यात, ही नळी जिवंत आहे. तिच्यावर काही केले की ती त्याला प्रतिसाद देते, आणि ठिबकची नळी तसे काही करत नाही. या एका फरकामुळे धमनीचा आजार काचेच्या नळीत किंवा संगणकावर पूर्णपणे उभा करता येत नाही. दुसरी अडचण काळाची आहे. माणसात हा आजार तरुणपणी सुरू होतो आणि पन्नाशी-साठीत लक्षणे दाखवतो. शवविच्छेदनात फक्त शेवटचे पान वाचायला मिळते, मधली तीस-चाळीस वर्षांची पाने हाती लागत नाहीत. ही मधली पाने काही महिन्यांत उलगडतील असा प्राणी शोधण्याचे काम गेली शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

त्याची सुरुवात सशापासून झाली. 1908 मध्ये रशियातल्या इग्नातोव्स्की या वैद्यकाने सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली आणि त्यांच्या महाधमनीत मेदाचे थर पाहिले. त्याचा संशय प्रथिनांवर होता. त्यानंतर सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव आणि त्याचा सहकारी खालातोव यांनी हा प्रश्न नीट सोडवला. त्यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले, आणि तुलनेसाठी दुसऱ्या सशांना नुसते सूर्यफुलाचे तेल दिले. नुसते तेल खाणाऱ्या सशांच्या धमन्या निरोगी राहिल्या, तर कोलेस्टेरॉल मिळालेल्या सशांच्या धमन्यांत माणसासारखेच मेदाचे चट्टे उमटले. 1913 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. करडई आणि सूर्यफूल पिकवणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकाला या प्रयोगाची रचना लगेच उमगेल, कारण शेतात नव्या खताची पारख करतानाही शेजारचे दोन वाफे आपण बिनखताचे सोडतोच. नुसत्या तेलाचे ससे हा तो बिनखताचा वाफा होता.

परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असताना सशाची अशी महाधमनी मी पाहिलेली आहे. ती लांबीला कात्रीने उघडून ताटलीत पसरतात आणि मेदालाच धरणाऱ्या सुदान नावाच्या लाल रंगात बुडवतात. निरोगी धमनी फिकट, ओल्या रेशमासारखी दिसते. आजारी धमनीवर मात्र ठिकठिकाणी लालभडक चट्टे उठतात आणि त्यातले बहुतेक जिथे धमनीला फाटे फुटतात त्या तोंडाशी असतात. माणसातही नेमके तसेच असते, कारण फाट्यापाशी रक्ताची धार सरळ न वाहता घुटमळते आणि तिथल्या अस्तराला तिचा त्रास होतो. हे पुस्तकात दहा वेळा वाचण्यापेक्षा त्या ताटलीत एकदा पाहिल्यावर अधिक पक्के कळते.

तरीही अनिच्कोवच्या शोधाकडे जगाने बराच काळ दुर्लक्ष केले. इतरांनी तोच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर करून पाहिला आणि त्यांच्या धमन्यांना फारसे काही झाले नाही. ससा हा पाला खाणारा प्राणी, त्याला अंड्यातले कोलेस्टेरॉल चारले तर आजारी पडणारच, त्याचा माणसाशी काय संबंध, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, पण त्याची दुसरी बाजू पुढे कळली. उंदीर आणि कुत्रा हे प्राणी कोलेस्टेरॉल झपाट्याने पित्तात काढून टाकतात आणि उरलेले बहुतांशी एचडीएल या ‘चांगल्या’ कणांवर वाहतात. माणसाचे बरेचसे कोलेस्टेरॉल एलडीएलवर असते. म्हणजे आजार न होणारा प्राणीच खरे तर इथे अपवाद होता.

सशाने पुढे आणखी एक देणगी दिली. 1973 मध्ये जपानमधल्या कोबे इथे योशिओ वातानाबे यांना त्यांच्या सशांमध्ये एक नर असा आढळला, की ज्याचे कोलेस्टेरॉल साधा चारा खाऊनही प्रचंड वाढलेले होते. त्याच्यापासून त्यांनी वर्षानुवर्षे नेटाने पैदास करून एक वाण तयार केला. देवणी किंवा लाल कंधारीची शुद्ध पैदास राखणाऱ्या माणसाला या कामातला संयम ठाऊक असतो. या सशांच्या यकृतात एलडीएल पकडून आत ओढणारा ग्राही सदोष होता. हाच दोष असलेली कुटुंबे माणसांतही आहेत आणि त्यांच्यात तिशी-चाळिशीतच झटके येतात. अमेरिकेतले मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हा ग्राही शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या संशोधनात वातानाबेंच्या सशांचाही मोठा वाटा होता.

सशांविषयीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रॉबर्ट नेरेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. सगळ्या सशांना सारखाच कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला होता, पण एका गटातल्या सशांना रोज हातात घेतले जाई, गोंजारले जाई, त्यांच्याशी बोलले जाई. रक्तातले कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत सारखेच असूनही गोंजारलेल्या सशांच्या महाधमनीतले चट्टे सुमारे 60 टक्क्यांनी कमी भरले. प्रयोगशाळेतल्या प्राण्याला चांगले वागवणे हा दयेचा भाग तर आहेच, पण तो अचूकतेचाही भाग आहे, कारण भेदरलेल्या प्राण्याने दिलेले उत्तर हे अर्धे त्याच्या भीतीचे उत्तर असते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग दरवर्षी सांगत आलो आहे.

आता मामांच्या रात्रीच्या गोळीकडे वळतो. ती स्टॅटिन गटातली आहे आणि तिचा इतिहास एका कोंबडीशी बांधलेला आहे. जपानमधल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो हे संशोधक बुरशीतून कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य शोधत होते. सुमारे 6,000 बुरशींच्या चाचण्यांनंतर 1973 मध्ये त्यांना कॉम्पॅक्टिन सापडले. परीक्षानळीत ते उत्तम काम करत होते, पण मोठ्या उंदरांना दिल्यावर त्यांचे कोलेस्टेरॉल कमी झाले नाही. इथे एक खुलासा करतो. इंग्रजीत ज्यांना रॅट आणि माऊस म्हणतात त्या दोन वेगळ्या प्राण्यांना मराठीत आपण उंदीरच म्हणतो, म्हणून रॅटला मी मोठा उंदीर आणि माऊसला लहान उंदीर म्हणणार आहे. मोठ्या उंदराचे यकृत फार चतुर निघाले. औषधाने कोलेस्टेरॉल तयार करणारे विकर (एन्झाइम) अडवले, की ते यकृत तेच विकर अनेक पटींनी जास्त बनवत असे आणि औषधाचा परिणाम पुसून टाकत असे.

तेवढ्यावर हे औषध कपाटात गेले असते. 1976 च्या सुमारास एंडो यांची गाठ कंपनीतल्याच एका सहकाऱ्याशी पडली. त्याच्याकडे अंड्यावरच्या कोंबड्या होत्या. कोंबडी रोज एक अंडे देते, त्या अंड्यातल्या बलकात कोलेस्टेरॉल ठासून भरलेले असते, म्हणजे तिच्या यकृतात ते सतत मोठ्या प्रमाणावर तयार होत असणार, असा त्यामागचा विचार होता. कोंबड्यांना कॉम्पॅक्टिन दिल्यावर त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले आणि अंडी देणे मात्र थांबले नाही. पुढे कुत्र्यांत आणि माकडांतही औषध लागू पडले. शंभर उंदीर जे सांगू शकले नाहीत ते कोंबडीने सांगितले, आणि तेही आकाराने किंवा जातीने ती माणसाच्या जवळ आहे म्हणून नव्हे, तर विचारलेल्या प्रश्नापुरते तिचे शरीर योग्य होते म्हणून.

कथा इथेही सरळ गेली नाही. 1980 मध्ये फार मोठ्या मात्रेत औषध दिलेल्या कुत्र्यांत गाठी दिसल्याच्या शंकेवरून कॉम्पॅक्टिनचे काम थांबले आणि त्याच्याच जातकुळीतल्या लोव्हास्टॅटिनवरचे अमेरिकेतले कामही त्या भीतीने काही काळ अडले. शेवटी 1987 मध्ये लोव्हास्टॅटिनला तिथे परवानगी मिळाली. प्राणी चुकीची आशा दाखवू शकतो तसा चुकीचा धाकही दाखवू शकतो.

आज जगभरात धमनीकाठिण्यावरचे, म्हणजे धमनीत असे चट्टे धरण्याच्या आजारावरचे, सर्वाधिक प्रयोग लहान उंदरावर होतात. साध्या उंदराला हा आजार जवळजवळ होतच नाही. 1992 मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी, एक नोबुयो माएदा यांची आणि दुसरी यान ब्रेस्लो यांची, उंदरातले एपोई हे जनुक बंद केले. हे जनुक रक्तातले मेदकण यकृतात परत नेण्याचे काम करते. ते बंद केल्यावर उंदराचे कोलेस्टेरॉल कितीतरी पटींनी वाढले आणि काही महिन्यांत धमन्यांत चट्टे दिसू लागले. पुढच्याच वर्षी एलडीएलचा ग्राही बंद केलेला उंदीर तयार झाला. या उंदरांमुळे आपल्याला एक मोठी गोष्ट कळली, ती म्हणजे धमनीकाठिण्य हा नुसता मेद साचण्याचा आजार नसून तो सुजेचा आजारही आहे. कोणती पेशी कधी येते, कोणता रासायनिक निरोप तिला बोलावतो, तो निरोप थांबवला तर काय होते, हे एकेक जनुक चालू-बंद करून पाहणे दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात इतके सोपे नाही.

पण लहान उंदीर हा छोटा माणूस नव्हे. त्याची महाधमनी जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. त्याचे हृदय मिनिटाला 500 ते 600 वेळा धडधडते, आपले 70-80 वेळा. त्याचे चट्टे हृदयाजवळच्या महाधमनीच्या मुळाशी धरतात, तर आपल्याला मारणारे चट्टे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत असतात. सगळ्यात अडचणीची बाब ही की त्याच्या चट्ट्याचे झाकण सहसा फाटत नाही आणि त्यावर गुठळी धरून त्याला झटका येत नाही. म्हणजे ज्या क्षणाला माणूस रुग्णालयात पोचतो, नेमका तोच क्षण हा प्राणी दाखवत नाही. वर्तमानपत्रात ‘उंदरांच्या धमन्या साफ करणारे औषध सापडले’ अशी बातमी येते तेव्हा तिच्यामागे हे सगळे अनुच्चारित असते. गावातल्या व्हॉट्सॲपवर ती बातमी फिरली की लोक मला विचारतात आणि मी त्यांना उलट विचारतो, की उंदराचा आजार आधीच झालेला होता की औषध पहिल्या दिवसापासून चालू होते? कारण चट्टा धरूच न देणे आणि साठीतल्या माणसाचा चुन्यासारखा कडक झालेला चट्टा मागे हटवणे ही दोन फार वेगळी कामे आहेत. बहुतेक प्रयोग पहिल्या प्रकारचे असतात.

स्टेंटच्या कहाणीत हाच धडा अधिक कठोरपणे मिळाला. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याची नळी आधी कुत्र्यांच्या धमन्यांत तपासली आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिचमध्ये माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा वापरली. अडथळा दाबला गेला, रक्त वाहू लागले. पण साधारण तीनातल्या एका रुग्णाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ लागली. फुग्याने भिंतीला इजा होते आणि जिवंत भिंत ती इजा भरून काढण्यासाठी नवे मांस वाढवते, झाडाच्या सालीला कुऱ्हाड लागली की तिथे गाठ धरते तसे. ही वाढ कशी थांबवायची, हा तेव्हाचा सर्वांत मोठा प्रश्न झाला.

मोठ्या उंदराच्या मानेतल्या धमनीला फुग्याने इजा करून त्यावर उत्तर शोधले गेले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे सिलाझाप्रिल हे औषध या उंदरांत ती वाढ फार चांगली रोखते, असे 1989 मध्ये दिसून आले. मोठी आशा निर्माण झाली. माणसांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींत काही उपयोग दिसला नाही. मागे वळून पाहता कारणे दिसतात. उंदराची धमनी निरोगी होती, तिच्यात आधीचा चट्टा नव्हता, आणि वजनाच्या मानाने उंदराला दिलेला डोस माणसापेक्षा कितीतरी मोठा होता. डुकरांतही या औषधाने ती वाढ थांबली नाही. डुकराचे उत्तर आधी घेतले असते तर त्या चाचण्यांची आखणी कदाचित वेगळी झाली असती.

डुकराच्या हृदयाच्या धमन्या रुंदीने आणि मांडणीने माणसाच्या फार जवळच्या आहेत. माणसासाठी बनवलेला स्टेंट, तीच नळी, तोच फुगा, तेच क्ष-किरण यंत्र वापरून तो डुकराच्या धमनीत बसवता येतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट श्वार्ट्झ यांनी 1990 च्या सुमारास या प्रयोगाला शिस्त लावली. स्टेंट धमनीपेक्षा मुद्दाम थोडा जास्त फुगवायचा, म्हणजे त्याच्या तारा भिंतीत घुसतील. मग 28 दिवसांनी कापलेल्या धमनीत प्रत्येक तारेने भिंतीत किती खोल इजा केली याला शून्य ते तीन असे गुण द्यायचे आणि तिथे नवे मांस किती जाड वाढले ते मोजायचे. त्यांना असे दिसले की इजा जितकी खोल तितकी वाढ जाड. काचपट्टीवर पाहिले तर तारांच्या जागी चौकोनी काळी भोके दिसतात, त्यांच्याभोवती गुलाबी मांसाचे कडे असते आणि मधोमध रक्ताला वाहायला उरलेली वाट. ती वाट किती उरली हे मोजपट्टीने मोजता येते. डुकराचे 28 दिवस हे या बाबतीत माणसाच्या साधारण सहा महिन्यांइतके धरतात.

याच प्रयोगांतून औषध लावलेला स्टेंट आला. त्यावरचे सिरोलिमस हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जिवाणूतून मिळाले आणि पंजाबात जन्मलेले सुरेन सहगल यांनी ते चिकाटीने जपले. डुकरांत त्याने नवे मांस वाढणे स्पष्टपणे कमी केले. 1999 च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलो इथे एदुआर्दो सौझा यांनी असा स्टेंट माणसात बसवला. आज मामांच्या धमनीत आहे तो याच कुळातला आहे आणि पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण त्याने एकअंकी टक्क्यांवर आणले आहे.

पण डुकरानेही सगळे सांगितले नाही. प्रयोगातले डुक्कर तरुण आणि निरोगी असते, त्याच्या स्टेंटवर महिन्याभरात नवे अस्तर चढते. माणसात, आजारी धमनीवर, औषधी स्टेंटच्या तारा अनेक महिने, कधी वर्षांनंतरही उघड्या राहू शकतात आणि तिथे उशिरा गुठळी धरू शकते. हे मुख्यतः मृत रुग्णांच्या धमन्या बारकाईने तपासून कळले आणि त्या कामात भारतात जन्मलेल्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमानी यांचा वाटा फार मोठा आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, असे मामांना बजावून सांगितले गेले, त्यामागे हे निरीक्षण आहे. शेतीच्या गडबडीत किंवा पैशांच्या ओढीत गोळ्या सोडणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून हे इथे ठळकपणे लिहितो.

माकडांवरही काम झाले आहे. आहार सुधारल्यावर धमनीतला चट्टा थोडा मागे हटू शकतो, हे 1970 मध्ये ऱ्हीसस माकडांत दिसले होते. मात्र माकड खर्चिक आहे, त्याची वाढ सावकाश होते, आणि त्याच्या नजरेला नजर देऊन हे काम करणे कुणालाही सोपे जात नाही. शेळी-मेंढीचा उपयोग कृत्रिम धमन्या आणि हृदयाच्या झडपा तपासण्यासाठी होतो, त्याविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही.

कधी प्राणी आणि माणूस यांच्यातले अंतर जीव घेणारे ठरते. रक्तातला मेद एका कणावरून दुसऱ्या कणावर नेणारे सीईटीपी नावाचे प्रथिन माणसात आणि सशात असते, उंदरात नसते. ते अडवले तर चांगले कोलेस्टेरॉल वाढते. टॉर्सेट्रापिब हे तसे औषध सशांच्या धमन्यांना हितकारक ठरले. माणसांवर सुमारे 15,000 जणांची चाचणी सुरू झाली आणि डिसेंबर 2006 मध्ये ती तातडीने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत होते. औषधाने रक्तदाबही वाढत होता. प्राणी निवडण्यात इथे कोणाची चूक नव्हती, तरी उत्तर अपुरे पडले.

आपल्या देशात हे प्रयोग मनमानीने करता येत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे आणि प्रयोगांवरच्या देखरेखीचे नियम 1998 चे आहेत. प्रत्येक संस्थेत प्राणी नीती समिती असते. हाच प्रश्न प्राण्याशिवाय सुटेल का, कमी प्राण्यांत सुटेल का, आणि वेदना कशी टाळणार, ही उत्तरे तिला लेखी द्यावी लागतात. हे तीन प्रश्न 1959 मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडले होते. 2023 मध्ये भारताच्या नव्या औषधांविषयीच्या नियमांत बदल करून मानवी पेशींच्या चिप, त्रिमिती ऊतक अशा पद्धतींचे पुरावेही ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली. मला याचा मनापासून आनंद आहे. बायपासच्या वेळी उरलेल्या रक्तवाहिनीच्या तुकड्यावर आज असे पुष्कळ काही तपासता येते, ज्यासाठी पूर्वी ससा लागत असे. पण यकृत, रक्तदाब, प्रतिकारशक्ती आणि वय हे सगळे एकत्र असलेले शरीर अजून चिपवर उभे राहिलेले नाही, आणि स्टेंटसारखे उपकरण माणसाच्या आधी एखाद्या जिवंत धमनीत बसवून पाहण्याला आज तरी पर्याय नाही.

पायाच्या धमन्यांच्या आजारात प्राणी आणि माणूस यांच्यातले अंतर सर्वांत जास्त जाणवते आणि विडी-तंबाखू व मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या भागात हा आजार काही दूरचा नाही. चालताना पोटरी धरते, थांबले की सुटते, ही त्याची पहिली खूण. पुढे बोट काळे पडून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. याच्या अभ्यासासाठी लहान उंदराच्या मांडीतली धमनी बांधतात. पण तरुण उंदीर दोन-तीन आठवड्यांत आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद करून पायाचा रक्तपुरवठा बराचसा सावरतो. साठ वर्षांचा, वीस वर्षे विडी ओढलेला, साखर वाढलेला माणूस तसे करू शकत नाही. नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून जनुक टोचण्याचे उपचार प्राण्यांत यशस्वी झाले, पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यांनी पाय कापण्याचे प्रमाण कमी केले नाही. म्हणून आता म्हातारे आणि मधुमेही उंदीर वापरले जातात. मोठ्या प्राण्यात धमनी एकदम न बांधता तिच्याभोवती दुधातल्या केसीनपासून बनवलेले कडे बसवतात. ते ओल शोषून हळूहळू फुगते आणि आठवड्यांच्या अवधीत वाट आवळत नेते. आजाराची चाल त्याने माणसासारखी सावकाश होते.

मामांच्या डाव्या पोटरीतही असा त्रास निघाला. डॉक्टरांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्याची खात्री केली, विडी कायमची बंद करायला लावली आणि रोज दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे असे सांगितले. या चालण्याने अंतर वाढते याचा पुरावा थेट माणसांवरच्या चाचण्यांतून आलेला आहे. पोटरी नेमकी कुठे आणि कधी धरली हे उंदीर सांगू शकत नाही, मामा सांगू शकतात. सध्या ते घरापासून निघून ओढ्याच्या पुलापर्यंत एका दमात जातात, तिथे कठड्याला टेकतात, आणि मग पुढे शेताच्या बांधापर्यंत.